रोगजंतूंची कोंडी

पिकातले तण काढायला शेतकऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही. ज्वारीचे रोप कोणते आणि त्याच्या बुडाशी उगवलेले गवत कोणते, हे खुरपे धरणाऱ्या बाईला नुसत्या पानावरून कळते. तण उपटले जाते, पीक राहते. अंगात शिरलेल्या रोगजंतूंचे मात्र तसे नाही. ते रक्तात भिनतात, फुप्फुसात घर करतात, हाडापर्यंत जाऊन पोचतात. तेथे खुरपे चालत नाही. तेथे पोचते ते फक्त औषध, आणि औषधाला डोळे नसतात.

जंतूला मारील असे विष शोधणे मुळीच अवघड नाही. गोठ्यात फिनेल शिंपडले की जंतू मरतात. पण तेच फिनेल रोग्याच्या पोटात गेले तर जंतूच्या आधी रोगीच जायचा! तेव्हा खरा प्रश्न हा, की जंतूला मारील आणि माणसाला सोडील असे औषध शोधावे कसे? ह्या प्रश्नाचे एक मोठे सुरेख उत्तर विसाव्या शतकात माणसाला मिळाले. ते एका दिवसात मिळाले नाही, एका देशात मिळाले नाही. आणि त्या उत्तराचा एक धागा आपल्या मुंबईतून गेलेला आहे. त्या उत्तराचा हा इतिहास.

प्रथम जंतूच्या घरात काय चालते ते पाहू. आपण गुऱ्हाळ पाहिले आहे ना? एक गडी चरकात ऊस घालतो, दुसरा रस काहिलीत ओततो, तिसरा चुलवाणात जळण सारतो, चौथा मळी काढतो, आणि गुळव्या पाक बघून काहील उतरवायची वेळ ठरवतो. ह्यांतला एक जरी अडला तरी गुळाची ढेप काही तयार होत नाही. जंतूच्या इवल्याशा देहातही असेच गडी असतात. त्यांना शास्त्रज्ञ एन्झाइम म्हणतात. शाळेच्या पुस्तकांत त्यांना विकर म्हटले आहे. प्रत्येक विकराचे काम ठरलेले. एक साखर फोडतो, दुसरा दोन तुकडे जोडतो, तिसरा भिंतीची वीट रचतो. दुसऱ्याचे काम तो करीत नाही.

विकराला आपले काम ओळखू येते ते आकारावरून. एमिल फिशर ह्या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १८९४ साली ह्यासाठी कुलूप-किल्लीचा दाखला दिला. ज्या पदार्थावर काम करायचे तो पदार्थ विकराच्या खाचेत किल्लीसारखा नेमका बसतो. आता कल्पना करा, खऱ्या किल्लीसारखीच दिसणारी पण दात थोडे निराळे असलेली एखादी खोटी किल्ली कुलपात घातली. ती आत जाईल, पण फिरणार नाही. आणि ती आत आहे तोवर खऱ्या किल्लीलाही शिरता येणार नाही. जंतूच्या घरातले असे एखादे महत्त्वाचे कुलूप खोट्या किल्लीने अडवले, की त्याचे गुऱ्हाळ बंद पडले!

आज हे आपण इतक्या सहज सांगतो. पण हे पहिले औषध हाती आले तेव्हा ते असे काम करते हे कोणाच्या स्वप्नातही नव्हते. औषध आधी सापडले, त्याचे मर्म मागून कळले.

झाले ते असे. जर्मनीत पॉल एर्लिख नावाचे एक मोठे संशोधक होऊन गेले. कापड रंगवायचे रंग सूक्ष्मदर्शकाखाली टाकले तर काही रंग जंतूंना धरतात आणि शेजारच्या पेशींना धरीत नाहीत, हे त्यांनी पाहिले होते. मग जंतूला धरणाराच रंग विषारी केला तर? ह्या विचाराच्या मागे लागून त्यांनी आणि त्यांचे जपानी सहकारी साहाचिरो हाता यांनी उपदंशावर सोमल असलेले एक औषध शोधले. १९१० साली ते साल्व्हरसान ह्या नावाने बाजारात आले. परंतु साध्या जखमेतून रक्तात शिरणाऱ्या, घसा धरणाऱ्या, बाळंतिणीला ताप आणणाऱ्या जंतूंवर मात्र इलाज सापडेना. पुढची वीस-बावीस वर्षे तशीच गेली.

एर्लिख यांचीच वाट धरून एल्बरफेल्ड येथील बायरच्या प्रयोगशाळेत गेरहार्ड डोमाक काम करीत होते. फ्रिट्झ मिट्श आणि योसेफ क्लारर हे दोघे रसायनशास्त्रज्ञ नवे नवे रंग तयार करीत आणि डोमाक ते उंदरांवर करून पाहत. १९३२ च्या डिसेंबरात एका तांबड्या रंगाची पाळी आली. माळेसारखे दिसणारे स्ट्रेप्टोकोकस जंतू उंदरांना टोचले होते. ज्यांना तो रंग दिला ते उंदीर जगले. ज्यांना दिला नाही ते मेले. ह्या औषधाला पुढे प्रॉन्टोसिल हे नाव मिळाले. डोमाक यांनी आपले काम प्रसिद्ध केले ते १९३५ च्या फेब्रुवारीत. त्याच वर्षअखेर त्यांच्या स्वतःच्या लहान मुलीच्या, हिल्डेगार्डच्या, हातात सुई शिरली, जखम चिघळली आणि विष रक्तात पसरले. हात कापावा लागेल असे डॉक्टर म्हणू लागले. बापाने आपले तांबडे औषध तिला दिले. मुलगी वाचली आणि हातही वाचला.

लंडनच्या क्वीन शार्लट रुग्णालयात डॉ. लेनर्ड कोलब्रुक सूतिकाज्वराशी झगडत होते. सूतिकाज्वर म्हणजे बाळंतपणानंतर येणारा तो जीवघेणा ताप. मूल सुखरूप जन्माला यावे, घरात पेढे वाटले जावेत, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी आईला थंडी वाजून ताप भरावा, असे तेव्हा जगभर घडे. गंभीर ताप आलेल्या बायकांपैकी चारात एक दगावत असे. कोलब्रुक यांनी पहिल्या ३८ बायकांना प्रॉन्टोसिल दिले. त्यांतल्या ३ गेल्या, बाकीच्या आपल्या मुलांकडे परतल्या. हा अहवाल १९३६ सालचा. त्या आधी रक्तात पसरलेल्या जंतूंवर तोंडाने घेण्याचे असे औषध डॉक्टरांजवळ नव्हतेच.

पण एक कोडे उरले होते. हाच तांबडा रंग परीक्षानळीत जंतूंवर ओतला तर जंतूंना काहीच होत नसे! उंदराच्या अंगात जो जंतूंचा काळ ठरे तो नळीत निव्वळ रंग ठरे. हे कोडे सोडवले पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधल्या मंडळींनी. झाक आणि तेरेझ त्रेफुएल हे पतिपत्नी, फेदेरिको नित्ती आणि दानिएल बोव्हे यांनी १९३५ सालीच दाखवून दिले, की अंगात गेल्यावर ह्या रंगाचे दोन तुकडे होतात. एक तुकडा निरुपयोगी. काम करतो तो दुसरा, पांढरा, बिनरंगी तुकडा. त्याचे नाव सल्फानिलामाइड.

आणि ह्यातली खरी गंमत पुढेच आहे. हा पांढरा पदार्थ पाउल गेल्मो नावाच्या व्हिएन्नाच्या एका रसायनशास्त्रज्ञाने १९०८ सालीच बनवून ठेवला होता. त्यावरचे पेटंट केव्हाच संपले होते. म्हणजे रंगाच्या कारखान्यांच्या कपाटात ही भुकटी पंचवीस वर्षांवर पडून होती, आणि पहिल्या महायुद्धात लाखो शिपाई जखमा चिघळून मरत असताना तिच्याकडे पाहायचे कोणाला सुचले नाही. औषध हाताशी असते, पण नेमका प्रश्न विचारणारा भेटावा लागतो.

पेटंट संपल्यामुळे औषध कोणालाही बनवता येऊ लागले आणि ते स्वस्त झाले. सल्फा औषधांचे पीकच आले. आपल्याकडेही परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये साहिबसिंग सोखी आणि बी. बी. दीक्षित यांनी ह्याच कुळातल्या सल्फाथायाझोलचे प्लेगवर प्रयोग केले आणि त्याचा चांगला उपयोग होतो हे १९४० साली प्रसिद्ध केले. प्लेगच्या नुसत्या नावाने ज्या पिढीने गाव सोडून रानात झोपड्या घातल्या, त्या पिढीला ह्या बातमीचे मोल काय वाटले असेल, ते जुन्या माणसांनाच ठाऊक. हे डॉ. दीक्षित पुढे, १९५६ साली, दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेचे पहिले संचालक झाले.

डोमाक यांना १९३९ चे नोबेल पारितोषिक जाहीर झाले. परंतु हिटलरने जर्मनांना ते घेण्याची बंदी केली होती. गुप्त पोलिसांनी डोमाक यांना काही दिवस अटकेत ठेवले आणि नकाराच्या पत्रावर त्यांची सही घेतली. युद्ध संपल्यावर १९४७ साली त्यांना पदक आणि सन्मानपत्र मिळाले. पैसे मात्र मुदत टळल्यामुळे मिळाले नाहीत.

आता औषध होते, रोगी बरे होत होते, पण ते का बरे होतात हे कोणीच सांगू शकत नव्हते. डॉक्टरांना एक विचित्र अनुभव मात्र येई. जखमेत पू साचलेला असला की सल्फाचा गुण येत नसे. पू काढून टाकला की येई. म्हणजे पुवात असे काहीतरी होते की जे औषधाला निकामी करी. लंडनच्या मिडलसेक्स रुग्णालयात डॉनल्ड वुड्स ह्या तरुण संशोधकाला तसाच अनुभव यीस्टच्या अर्काबाबत आला. यीस्ट म्हणजे पाव फुगवणारे किण्व. नळीत जंतू, त्यात सल्फा; जंतूंची वाढ थांबलेली. आता त्यात यीस्टचा अर्क टाकावा, की जंतू पुन्हा जोमाने वाढू लागत!

अर्कातला तो पदार्थ कोणता? वुड्स यांनी त्याचे गुणधर्म तपासले आणि अंदाज बांधला, की तो सल्फानिलामाइडसारखाच दिसणारा असणार. मग त्यांनी पॅरा-अमायनो-बेंझॉइक आम्ल हा साधा पदार्थ घेऊन पाहिला. ह्या लांबलचक नावाऐवजी आपण त्याला पाबा म्हणू. पाबाचा एक कण सल्फाच्या हजारो कणांना भारी पडला. हे काम १९४० साली प्रसिद्ध झाले. दोन्ही पदार्थांची चित्रे शेजारी शेजारी काढली तर जुळी भावंडे वाटतात. तेच सहा कार्बनांचे कडे, एका टोकाला तोच नायट्रोजनचा गट. फरक काय तो दुसऱ्या टोकाला. तेथे पाबात कार्बनचा गट आहे, तर सल्फात गंधकाचा.

वुड्स आणि त्यांचे वरिष्ठ पॉल फिल्ड्स यांनी निष्कर्ष काढला तो असा. पाबा हा जंतूचा कच्चा माल आहे. त्यावर काम करणारा एक विकर जंतूच्या देहात आहे. सल्फा ही पाबाची खोटी प्रत आहे. ती विकराच्या खाचेत जाऊन बसते, आणि खऱ्या पाबाला जागा उरत नाही. ढीगभर खोट्या किल्ल्या असल्या तर कुलूप अडते. खऱ्या किल्ल्या पुरेशा आल्या तर पुन्हा उघडते. पुवात मेलेल्या पेशींतून आणि जंतूंतून हाच माल मिळत होता, म्हणून तेथे औषध हरत होते. फिल्ड्स यांनी त्याच वर्षी आणखी एक गोष्ट लिहिली. आता हजार पदार्थ आंधळेपणाने तपासत बसू नका. जंतूला जगायला काय लागते ते आधी शोधा, आणि मग त्याची खोटी प्रत बनवा, अशा अर्थाची. औषध शोधण्याची एक नवी रीतच तेथे सुरू झाली.

परंतु जंतू पाबापासून बनवतो तरी काय? आणि तेच कुलूप माणसात असेल तर माणूस कसा वाचतो? ह्याचे उत्तर मिळायला आपल्याला थोडे मागे, मुंबईला यावे लागेल.

१९२८ साली लुसी विल्स नावाच्या एक इंग्रज डॉक्टर मुंबईत आल्या. मुंबईच्या कापडगिरण्यांत काम करणाऱ्या गरीब बायकांना गरोदरपणात एक भयंकर पंडुरोग होई. रक्त पाण्यासारखे होई आणि कित्येक जणी दगावत. लुसीबाईंनी त्या बायका काय खातात ते पाहिले, त्यांच्या खाण्याची तुलना सुखवस्तू घरांतल्या खाण्याशी केली. हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये उंदरांवर आणि माकडांवर प्रयोग केले. शेवटी त्यांना दिसले, की मार्माइट नावाचा स्वस्त यीस्टचा अर्क दिला की हे रक्त सुधारते. १९३१ साली त्यांनी ते प्रसिद्ध केले. त्या अर्कातला गुणकारी पदार्थ तेव्हा निराळा काढता आला नव्हता. लोक त्याला विल्स घटक म्हणत.

दहा वर्षांनी, १९४१ साली, अमेरिकेतल्या टेक्सास येथे संशोधकांनी चार टन पालक घेऊन त्यातून जंतूंची वाढ करणारा एक पदार्थ चिमूटभर काढला. पानातून मिळाला म्हणून, लॅटिन भाषेतल्या पानाच्या शब्दावरून, त्याला फॉलिक आम्ल हे नाव दिले. लेडर्ली कंपनीच्या प्रयोगशाळेत १९४५ साली हा पदार्थ कृत्रिम रीतीने तयार झाला आणि त्याची रचना कळली. ते काम करणाऱ्या चमूचे प्रमुख होते आंध्रातल्या भीमावरमचे येल्लाप्रगडा सुब्बाराव. मुंबईतल्या गिरणीकामगार बायकांना बरे करणारा पदार्थ तो हाच! आणि त्याची रचना उलगडली तेव्हा त्याच्या मधोमध कोण बसले होते? पाबा!

श्रोतेहो, येथे सगळे धागे जुळले. फॉलिक आम्ल हे जंतूलाही लागते आणि माणसालाही लागते. त्यावाचून पेशीला आपल्या आनुवंशिक द्रव्याची नवी नक्कल करता येत नाही, आणि नक्कल नाही तर वाढ नाही. पण माणूस ते आयते खातो, पालेभाजीतून, डाळीतून. बहुतेक रोगजंतूंना ते आयते घेता येत नाही. त्यांना ते घरच्या घरी, पाबापासून, बनवावे लागते. ते बनवणारा विकर जंतूत आहे, माणसात नाहीच. म्हणून सल्फाची खोटी किल्ली जंतूचे कुलूप अडवते. माणसाच्या घरात ते कुलूपच नाही. तण आणि पीक ह्यांतला फरक आंधळ्या औषधाला कळतो तो असा.

सल्फा जंतूला तडकाफडकी मारीत नाही, हेही आता उमगले. जंतूजवळ घरात थोडा साठा असतो. तो संपेतो जंतू दोन-चार वेळा वाढतो आणि मग थांबतो. थांबलेल्या जंतूंचा समाचार आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी घेतात. औषध करते ती कोंडी. लढाई शरीरच संपवते. १९६२ साली अमेरिकेत जीन ब्राउन यांनी जंतूच्या पेशी फोडून, नुसत्या विकरावर सल्फा घालून, ही अडवणूक नळीत प्रत्यक्ष दाखवली. वुड्स यांचा तर्क बावीस वर्षांनी डोळ्यांना दिसला.

ह्या एका कुलपाने आपल्या महाराष्ट्रावर फार मोठे उपकार केले आहेत. सल्फाच्याच जवळचे, सल्फोन कुळातले, डॅप्सोन नावाचे एक औषध आहे. तेही १९०८ सालीच प्रथम तयार झाले आणि तेही वर्षानुवर्षे पडून राहिले. ते त्याच विकराला अडवते. ज्याला आपले लोक महारोग म्हणत, त्या कुष्ठरोगावर तोवर कडू कवठाच्या बियांचे तेल टोचण्यापलीकडे फारसा इलाज नव्हता. १९४१ साली अमेरिकेत कारव्हिल येथे गाय फाजे यांनी सल्फोन कुळातल्या प्रोमिनचे प्रयोग सुरू केले. पुढे मद्रासजवळ चिंगलपेट येथे रॉबर्ट कॉक्रेन यांनी आणि नायजेरियात जॉन लोव यांनी साध्या डॅप्सोनचा वापर रूढ केला. काही पैशांची एक गोळी!

ह्याचा अर्थ काय झाला? तोवर कुष्ठरोग्याला करायचे ते एकच, गावाबाहेर ठेवायचे. वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहर दिवाण १९३६ पासून ह्या रोग्यांची सेवा करीत होते. पुढे वरोऱ्याजवळ बाबा आमट्यांनी आनंदवन उभे केले. सेवा होती, माया होती, आसरा होता. गोळी आल्यावर त्यात एक नवी गोष्ट आली. रोगी घरी राहून बरा होऊ शकतो, ही ती गोष्ट. वर्ध्याला १९५१ साली गांधी मेमोरियल लेप्रसी फाउंडेशन स्थापन झाले. त्याने गावोगाव फिरून रोगी शोधणे, लोकांना समजावून सांगणे आणि जागेवर गोळ्या देणे, असा रस्ता घालून दिला. वेशीबाहेर काढलेल्या माणसाला वेशीच्या आत आणण्याचे सामर्थ्य त्या कुलपाच्या किल्लीत होते.

इकडे अमेरिकेत न्यूयॉर्कजवळ जॉर्ज हिचिंग्ज आणि गर्ट्रूड एलियन यांनी फिल्ड्स यांच्या विचाराला साजेसेच काम चालवले होते. पेशी आनुवंशिक द्रव्य ज्या तुकड्यांतून बांधते, त्या तुकड्यांच्या खोट्या प्रती ते बनवीत. एलियनबाईंना बाई म्हणून कित्येक प्रयोगशाळांनी नोकरी नाकारली होती. डॉक्टरेटही त्यांना पुरी करता आली नाही. ह्या गटाच्या हाती ट्रायमेथोप्रिम हे औषध लागले. फॉलिक आम्ल बनवण्याच्या वाटेवर सल्फाने पहिला दरवाजा अडवला, तर ह्याने त्याच वाटेवरचा पुढचा दरवाजा अडवला. हा पुढचा विकर माणसातही आहे. पण जंतूच्या विकराची खाच थोडी निराळी आहे, आणि ट्रायमेथोप्रिम जंतूच्या विकराला माणसाच्या विकरापेक्षा हजारो पटींनी घट्ट धरते. म्हणजे कुलूप दोन्ही घरांत असले तरी घडण निराळी असली तरी पुरते!

दोन्ही दरवाजे एकदम अडवले तर? १९६८ साली सल्फा आणि ट्रायमेथोप्रिम एकत्र करून गोळी निघाली. तिला को-ट्रायमोक्साझोल म्हणतात. तीत पाच भाग सल्फा आणि एक भाग ट्रायमेथोप्रिम असते. एकेकट्याने जंतू नुसते थांबत; दोन्ही मिळून कित्येकदा मरतात. हिचिंग्ज आणि एलियन यांना १९८८ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

हे सर्व ऐकून आपणांस वाटेल, की मग आता काय उरले? जंतूंचे विकर मोजावेत, एकेकाची खोटी किल्ली घडवावी, आणि रोग संपवावेत. तसे झाले नाही. जंतू काही स्वस्थ बसत नाही.

जंतू झपाट्याने वाढतो. अनुकूल परिस्थितीत वीस-पंचवीस मिनिटांत एकाचे दोन होतात. इतक्या नकला करताना चुका होतात. एखाद्या चुकीने विकराची खाच किंचित बदलते. खरी किल्ली चालते, खोटी बसत नाही. औषधाने बाकीचे सारे अडवले, की हा एकटा मोकळा वाढतो. काही जंतू पाबाच इतका बनवतात की औषध त्यात बुडून जाते. आणि काहींना दुसऱ्या जंतूकडून नवा, सल्फाला न जुमानणारा विकर बनवण्याची कृतीच मिळते; शेजारणीने विरजण द्यावे तशी एक जंतू दुसऱ्याला ती देतो. परम्यावर सल्फाची गोळी १९३७ च्या सुमारास रामबाण ठरली होती. दहा वर्षांच्या आत बहुतेक ठिकाणी ती निरुपयोगी झाली. जपानात १९५० नंतरच्या काळात आमांशाच्या जंतूंत एकदम अनेक औषधांना दाद न देण्याचा गुण पसरताना दिसला. डॅप्सोनलाही दाद न देणारे कुष्ठजंतू आहेत हे १९६४ साली मलायात सिद्ध झाले. हे जंतू प्रयोगशाळेतल्या बशीत वाढत नाहीत, म्हणून ते उंदराच्या तळपायात वाढवून तपासावे लागले. अखेर १९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेने सांगितले, की कुष्ठरोगावर एकटे औषध देऊ नका, दोन-तीन मिळून द्या. एका कुलपातून निसटलेला जंतू दुसऱ्यात अडकतो, हा त्यातला हिशेब.

दुसरी अडचण अधिक खोल आहे. १९९५ साली प्रथमच एका जंतूची सारी आनुवंशिक लिपी वाचता आली. त्यावरून जंतूला अत्यावश्यक असे विकर कोणते याच्या याद्या करता येऊ लागल्या. ग्लॅक्सो-स्मिथक्लाइन ह्या मोठ्या कंपनीने १९९५ ते २००१ ह्या काळात अशा विकरांवर ६७ वेळा मोठाल्या चाचण्या चालवल्या. दर वेळी लाखो पदार्थ तपासले. हाती लागले केवळ पाच होतकरू पदार्थ, आणि औषध त्यांतले तेव्हा एकही झाले नाही. असे का? नळीतला विकर उघडा असतो. जिवंत जंतूभोवती तट असतो. कित्येक पदार्थ आत शिरतच नाहीत. शिरले तर जंतू मोटेने पाणी उपसावे तसे त्यांना बाहेर उपसून टाकतो.

आणि अत्यावश्यक म्हणजे तरी काय? तेही परिस्थितीवर असते. स्निग्ध आम्ले बनवणारे विकर अडवले तर जंतू मरतो, असे दिसल्यावर त्यावर औषधे शोधणे सुरू झाले. २००९ साली फ्रेंच संशोधकांनी दाखवले, की काही स्ट्रेप्टोकोकस जंतू माणसाच्या रक्तातली स्निग्ध आम्ले आयती उचलतात आणि अडवलेल्या विकराची पर्वा करीत नाहीत. पुवातल्या मालावर सल्फाला हरवणाऱ्या जंतूंची आठवण आली ना? सत्तर वर्षांपूर्वीचा तोच धडा पुन्हा वाचावा लागला. घरचे गुऱ्हाळ बंद पडले तरी बाजारात गूळ मिळत असेल, तर कोणी उपाशी राहत नाही.

म्हणून आज दोन्ही वाटांनी शोध चालतो. आधी विकर धरून किल्ली घडवायची ही एक वाट. आधी जिवंत जंतूवरच औषध लावून पाहायचे आणि मग ते कोणते कुलूप अडवते हे हुडकायचे, ही दुसरी. क्षयावरचे बेडाक्विलिन हे औषध दुसऱ्या वाटेने आले. ते क्षयजंतूची शक्ती निर्माण करणारा विकर अडवते, हे २००५ साली प्रसिद्ध झाले; २०१२ साली अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. जुन्या औषधांना दाद न देणाऱ्या क्षयावर ते आज आपल्या देशातही वापरतात.

नवी किल्ली घडायला दहा-पंधरा वर्षे जातात. ती बोथट करायला आपला निष्काळजीपणा थोड्या दिवसांत पुरतो. २०१९ साली जगात सुमारे १२ लाख ७० हजार माणसे औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंमुळे दगावली, असा अंदाज आहे. सर्दी-पडशाला कारण असतात ते विषाणू. त्यांच्या देहात हे गुऱ्हाळच नसते, मग त्यांच्यावर ही किल्ली चालणार कशी? तरी दुकानातून दोन गोळ्या मागून घेणारे लोक आहेत. ताप उतरला की उरलेल्या गोळ्या फडताळात ठेवून पुढे दुसऱ्याला, नाहीतर म्हशीला देणारेही आहेत. अशा अर्ध्यामुर्ध्या मात्रेत नेमके तेच जंतू तगतात, ज्यांची खाच थोडी बदललेली आहे. औषधाच्या पाकिटावर उभी लाल रेघ असेल तर ते डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून घ्यायचे नाही, हे अक्षरओळख नसलेल्यालाही समजावे म्हणून २०१६ साली सरकारने मोहीम काढली. शिक्षकांनी ती रेघ एकदा वर्गात मुलांना दाखवावी. मुले ती घरी जाऊन आजीला दाखवतील.

डॅप्सोन आजही मोडीत निघालेले नाही. १९०८ साली तयार झालेला तो पदार्थ इतर औषधांच्या जोडीने आजही कुष्ठरोग्याच्या पाकिटात असतो, आणि सरकारी आरोग्य केंद्रात ते पाकीट फुकट मिळते. अंगावर बधिर चट्टा दिसला, टोचलेले कळेनासे झाले, की लाजू नये, तेथे जावे. वेळीच आणि मुदतभर गोळ्या घेतल्या तर हा रोग पुरता बरा होतो. ते कुलूप अजून आहे, आणि ती किल्ली अजून चालते.